खळ

रात्रपाळीत, चिंचोळीच्या एमआयडीसीत,
मी पांढऱ्या भुग्याचं वजन करते.
दशांशापुढे चार घरं.
पंखा बंद. बाहेर सोलापूरचा एप्रिल.
श्वाससुद्धा बाजूला वळवून सोडायचा.

भुगा म्हणजे कडी आहेत, मोजता न येणारी.
एकेका कड्यात सात साखरा
एकमेकींची कंबर धरून उभ्या.
मधे पोकळी.
बाहेरून पाण्याच्या नात्यातली, आतून कोरडी.
जे औषध पाण्यात उतरत नाही,
तासभर ढवळा, वर तरंगतच,
ते त्या पोकळीत जाऊन बसतं
आणि पाण्याला कळत नाही
कोण आलंय ते.

बाप विचारायचा, "काय करालीस गं तिथं?"
मी म्हणाले, "खळच की."
तो हसला. मग थांबला,
कारण ते खरं होतं.
मक्याचा स्टार्च.
अठ्ठावीस वर्षं तो सायझिंगमधे
ताण्याला खळ पाजत होता.
घरी आला की नखांभोवतीची
सालीसारखी सोलून काढायचा.
त्याच्याकडे ती लांब साखळी, सूत ताठ ठेवणारी,
चादर झाली की धुऊन टाकायची.
आमच्याकडे एक विकर साखळी तोडतं
आणि टोकाला टोक जुळवतं.
"गाठ दिसती का?" बापाचा पुढचा प्रश्न.
गाठ नसतेच, म्हणाले.
तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला,
तुटलेलं सूत शोधल्यासारखा.

पण निव्वळ कडं आपल्यातच रमतं.
काठावरचे हात काठावरच्याच हातांत,
साखर पेठेतल्या आमच्या चौकासारखं:
सात बिऱ्हाडं, कुणाच्या आमटीत मीठ किती तेही ठाऊक,
आठव्याला खोली मिळायची नाही.
म्हणून आम्ही काठाला शेपट्या लावतो.
नेमक्या कुठे, ते आमच्या हातात नाही.
एखाद्याला चार, एखाद्याला सहा,
कुणाला एकाच बाजूला तीन.
बिराजदार सर म्हणायचे,
फार नीटनेटकं असलं की विरघळत नाही, सुगुणा.
प्रमाणपत्रावर मी सरासरी लिहिते:
चार पूर्णांक सहा.
तसं कडं एकही नसतं.

आई डावरी.
तिची विडी उलट्या वळणाची.
चेकर न बघता, नुसत्या बोटांनी
तिच्या विड्या हजारातून वेगळ्या काढायचा.
छाट.
कश तोच, तंबाखू तीच, वजन तेच.

आता माझ्यासमोर बोटाएवढी नळी,
आत भिंतीला टाचलेली कडी,
आणि त्यांतून सरकणारं औषध
ज्याला दोन रूपं आहेत, डावं आणि उजवं.
काटा फरक सांगत नाही. वितळबिंदू सांगत नाही.
कडं सांगतं.
उजवं नऊ मिनिटांनी सुटतं.
डावं रेंगाळतं, त्याला आत बरं वाटतं,
अकराव्या मिनिटाला पडद्यावर
एक छोटीशी टेकडी.
ती असायला नको.
आज होती. मर्यादेच्या तिप्पट.
मी पुन्हा नमुना घातला. पुन्हा होती.
तीन वाजून दहा मिनिटांनी मी लिहिलं: अमान्य.
डावं रूप पोटात गेलं तर काय करतं, मला माहीत आहे.
म्हणून हात थरथरला नाही.
तरी पेन ठेवल्यावर
मी बोटं एकमेकांवर घासून पाहिली.

सकाळी सातला घरी.
बापानं माझा पांढरा कोट धुऊन
खळ घालून दोरीवर टाकलेला,
उलटा करून, ऊन रंग खाऊ नये म्हणून.
पांढऱ्याला कसला रंग, पण सवय.
बाह्या ताठ, पुढे आलेल्या.
डावी उजवीकडे. उजवी डावीकडे.
आई त्याच्याखालून वाकून गेली,
हातात चहाची कपबशी,
ज्या हातात असते त्याच.