कात्री चालते

विजयनगरच्या कोर्टात लिफ्ट बंद होती.
वकीलसाहेब म्हणाले, शालनबाई, जिन्यानं या सावकाश,
पायाला तर काही झालं नाही ना.
नाही. पायाला काहीच झालं नाही.
मणेराजुरीच्या वळणावर डंपरनं आमचं वडाप उडवलं,
मान एका अंगाला गेली, उजवा खांदा दुसऱ्या,
आणि मधलं जे होतं ते ताणलं.

मिरजेच्या डॉक्टरांनी रिपोर्टच्या पाठीवर चित्र काढलं:
मानेतून निघणाऱ्या पाच नसा,
पुढं एकमेकींत गुंतलेल्या, मग हातभर पसरलेल्या.
मी म्हटलं, हा तर वेलीचा ओलांडा झाला.
त्यांना कळलं नाही. त्यांनी द्राक्षं नुसती खाल्लेली.
वरच्या दोन, ते म्हणाले, मुळातूनच उपटल्यात.
हे मात्र मला समजावून सांगावं लागलं नाही.
मोडलेली काडी दुसऱ्या डोळ्यातून फुटते,
उपटलेल्याला कुणी पाणी घालत बसत नाही.

वीस वर्षं मी मांडवाखाली उभी होते.
छाटणी असो, विरळणी असो,
द्राक्षाचं काम खाली बघून होत नाही.
सकाळी आठला वर गेलेले हात
जेवायला खाली यायचे.
बाया म्हणायच्या, एवढा वेळ देवापुढं वर केले असते
तर तोच खाली आला असता.

पगाराची पावती नाही.
मुकादमीण आनंदीच्या वहीत माझ्या नावापुढं उभ्या रेघा,
तेलाचे डाग, मध्येच कुणाचा तरी फोन नंबर.
त्या वहीला निशाणी सत्तावीस असा नंबर पडला.

वयावरनं वाद झाला.
शाळेच्या दाखल्यात मी चाळीस, आधारवर एक्केचाळीस,
तेही एक जानेवारी, आमच्या गल्लीत सगळेच
एक जानेवारीला जन्मलेले.
त्या एका वर्षानं गुणक पंधराचा चौदा होतो म्हणे.
आईला विचारलं. तिला एवढंच आठवतं
की त्याच आठवड्यात शेळी व्याली होती.

डॉक्टरांनी हाताला साठ टक्के लिहिले.
कंपनी म्हणते, अख्ख्या बाईला धरलं तर वीस.
उरलेले ऐंशी मी घरात शोधत असते,
पदर खोचताना,
फळीवरचा डबा काढताना,
पोरगी माझी वेणी घालते आणि घाईत केस ओढते तेव्हा.
दिवसा हात निजलेला असतो.
रात्री त्याच्यात कुणीतरी चूल पेटवतं.

विमा कंपनीचे वकील तरुण होते, आवाज मऊ.
बोटं हलतात का? हलतात.
मूठ वळते? वळते.
कात्री धरता येते?
माझे वकील खोकले.
येते, म्हटलं.
चालवता येते?
येते.
टाईप करणाऱ्या पोरीसमोरच्या स्क्रीनवर मला दिसलं:
उजव्या हाताने कात्री चालवता येते हे खरे आहे.
खरंच होतं.
घरी दोरा कापते, रिबिनी कापते,
मांडीवर आणून ठेवलं तर काहीही कापते.

म्हणून मी म्हटलं, मॅडम, आणखी एक लिहा.
कात्री चालते, तिला वर नेणारं कुणी नाही.
मांडव माझ्या मांडीपर्यंत खाली आणा,
आजच्या आज कामावर जाते.

वकील म्हणाले, साक्षीदारानं विचारलं तेवढंच बोलावं.
मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.
पोरीची बोटं हलली खरी,
पण मधे तिनं स्क्रीन वळवून घेतली होती.

पुढची तारीख ऑक्टोबरातली निघाली, ऐन छाटणीत.
मी जुन्या सवयीनं म्हणाले,
तेव्हा नको हो साहेब, खाडा पडेल.
ज्युनिअर वकील पेन उघडून तसाच बसला.
मग म्हटलं, लिहा.
येते.