सत्त्याऐंशीत एक

जेल रोडला, बॅटरीच्या दुकानावरच्या खोलीत
कसारा ते लासलगाव: साडेबावीस फूट.
मधली पाच-सात स्टेशनं गाळलीत,
अस्वलीचा कुणी आलाच तर माफी मागू.
रविवारी तीनला चपला दाराबाहेर काढतो,
देवळात काढतात तशा नव्हे,
खाली वायरी असतात म्हणून.

मी दातांचे साचे ओतणारा माणूस.
घाट माझा आहे.
कवळ्यांचं उरलंसुरलं प्लॅस्टर
सात महिने डासांच्या जाळीवर थापलं,
अजून कुणाकुणाचा जबडा दिसतो मला त्या कड्यांत.
दुसरा बोगदा म्हणजे तर पडलेली दाढच.
मेहरुन कोकणींनी वर चहाचा वाळलेला चोथा पेरला,
भुसा रंगवायला घेतला, विचारलं,
"श्रावणातला करू, का मार्चमधला?"
मतदान झालं. मार्च जिंकला.
इगतपुरीच्या पुढे राहिलेल्याला ठाऊक असतं,
वर्षाचे किती महिने डोंगर पिवळाच असतो ते.

लासलगावच्या धक्क्यावर मोहरी ओतलीय, कांदा म्हणून.
एखादी मुंगी येते तिकडे.
आमच्या मापात ती कुत्र्याएवढी.
तन्मयी धात्रक, नववीतली, तिला हाकलू देत नाही.
स्टेशनात कुत्रं हवंच, म्हणते.

आमच्या घड्याळात पाच मिनिटांचा तास.
पण दगूनाना अरिंगळे, चौतीस वर्षं गार्ड,
रजिस्टरात लिहिल्याशिवाय एक डबा हलू देत नाहीत.
बोटभर गाडीलाही हिरवा बावटा दाखवतात,
खराखुरा, मोठा,
अख्ख्या देवळालीवर सावली पडते त्याची.

आणि तरी दर रविवारी, पावणेपाचच्या सुमाराला,
लहवितच्या वळणावर मालगाडीचा तिसरा डबा पडायचा.
कोठावद्यांनी व्हर्नियर लावून चाकं मोजली.
अंबडच्या टूलरूममधला माणूस,
केसाच्या जाडीवरून भांडणारा.
डबा बदलला. कपलिंग बदललं.
मग सगळे माझ्या डोंगराकडे बघायला लागले.
प्लॅस्टर बसलं असणार, कोठावदे म्हणाले,
दातवाल्याला रूळ काय कळणार.
मी चपला घातल्या.

दोन रविवार घरी वांगी चिरली.
तिसऱ्या रविवारी, उरलेलं पोतं आणायचंय असं सांगून गेलो.
खोलीत नाना एकटेच,
लहवितजवळ स्टूल टाकून, गाडी न सोडता बसलेले.
"बस," म्हणाले. बसलो.
पावणेपाचला समोरच्या गच्चीवरच्या टाकीआडून
उन्हाची एक पट्टी खिडकीतून आत आली,
घाट उतरली, पूल ओलांडला
आणि नेमकी वळणावर येऊन थांबली.
"हात लाव."
रूळ तापला होता. किंचित कुबड आलं होतं त्याला.
"फट ठेवली नाहीत तुम्ही. फार घट्ट जोडलंत.
माप लहान केलं तरी
ऊन काही लहान होत नाही."

कोठावदे करवत घेऊन आले. माफीबिफी काही नाही.
फक्त म्हणाले, कार्ड आहे का खिशात?
माझं कार्ड, 'कवळ्या व ब्रिज, माफक दर',
उभं धरलं, आणि तेवढीच,
बरोब्बर त्याच्या जाडीची फट कापली.

मग मालगाडी सोडली.
मागून तन्मयीचं बँकर इंजिन रेटत होतं,
घाट चढवून, नेहमीसारखं
कुणाला न सांगता सुटं झालं.
लहवितला मोहरीचा एक दाणा सांडला नाही.
फक्त फटीवरून जाताना दर चाक म्हणालं, खट्.
इतके दिवस आमच्या गाडीला आवाजच नव्हता,
हे तेव्हा कळलं.
नानांनी डोळे मिटून डबे मोजले. अकरा.
खिडकीबाहेर, नाशिकरोडकडे, एक खरी गाडी ओरडली,
त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही.
चष्मा लावला, रजिस्टर ओढलं, लिहिलं:
मालगाडी, लहवित पास.
उशीर: चौदा रविवार.
कारण: ऊन.