नऊ नंबर

गंगावेशीत माझा बाप म्हशी उभ्या करायचा.
गिऱ्हाईक पेला पुढं धरायचं,
मिशीला फेस लागेपर्यंत धार.

मी धार काढतो कागलच्या फाट्याला,
पांढऱ्या टोपीत, रबरी हातमोज्यांत.
हिला नाव नाही. नऊ नंबर.
मी मनातल्या मनात मोरणी म्हणतो.

हिच्या दुधात रक्त थांबवायचं औषध उतरतं,
मगदूम डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
मग जरा थांबून: चाखायचं नाही हं,
रेडकालासुद्धा नाही.
रेडकू पलीकडं बाटलीवर वाढतंय.
त्याचं हंबरणं ऐकून ही पान्हा सोडते,
तेवढं मात्र आम्हाला चालतं.

परवा सीपीआरच्या व्हरांड्यात
शिरोळचं एक पोरगं पाहिलं.
नुसतं सायकलवरनं उतरलं होतं म्हणे,
गुडघा नारळागत.
आई बर्फ दाबून बसलेली.
मावशी, अजून चार-पाच वर्षं, म्हणणार होतो.
जीभ उचलली नाही.

आज मोरणीनं लाथ मारली.
अर्धा लिटर फरशीवर.
ब्लीच ओतलं, वहीत नोंद केली,
सही केली: आप्पाण्णा गवळी.

हात धुताना आरशात बघितलं,
मिशीवर एक थेंब.

किती वेळ तसाच उभा होतो.