ट्रायल

कथड्यातलं इद्रिसभाई पिंजारींचं दुकान सापडायला
मला एकसष्ट वर्षं लागली.
प्रेसच्या बसने नाशिकरोडला जायचं, त्याच बसने परत,
दूध बाजाराच्या पुढे कधी काम पडलंच नाही.

आता पडलं. सात दिवस सौदी, ग्रुप टूर.
‘कपडे सैल आणि पायघोळ’, टूरवाल्याने एवढंच लिहून दिलेलं.
इद्रिसभाईंनी कागद वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.
“सतरा वर्षं बुरैद्यात शिवलंय, ताई. हात वर करा.”

मग टेप बोलायला लागली.

बाही मनगटाच्या खाली दोन बोटं,
कारण बसमध्ये दांडी धरायला हात उचलावाच लागतो
आणि बाही चढते.
काळाच पाहिजे असं आता नाही, गुलाबीपण चालतो,
फक्त अंगाला चिकटायला नको.
कापड उजेडात धरून बघा, असं.
ओढणी पिशवीत नाही, खांद्यावर.
पिशवीतली ओढणी छत्रीसारखी, वेळेला हाताला लागत नाही.

पुरुषाने हात पुढे केला नाही तर तुम्ही करू नका,
छातीवर हात ठेवा, मान हलवा. झालं.
त्यात अपमान नसतो.
बायकांचे फोटो नाही. पोलीस, विमानतळ, राजवाडा, नाही.
उंटाचा काढा. उंटाची हरकत नसते,
पण मालकाला विचारा.

“फराळाचं नेणार ना?”
नेणारच होते. अनारसे तळून डब्यात भरलेसुद्धा होते.
टेप माझ्या खांद्यावरच थांबली.
“अनारसे नको, ताई. खसखस.
तिकडे ती अफूच्या माहेरची.
आमच्या खोलीवर सिन्नरचा पोरगा होता, आईने प्रेमाने डबा दिलेला,
दोन रात्री विमानतळावर बसवला त्याला.
तिळाचे लाडू न्या. बेदाणे न्या.
द्राक्षांचं आपल्या नाशकात आणखी जे काही होतं,
ते इथेच राहू द्या.”

अजान झाली आणि शटर ओढलं तर वाजवू नका,
आता म्हणे बरीच दुकानं उघडी असतात,
माझ्या वेळी नव्हती; ओट्यावर बसायचं, पाय चेपायचे.
कुणाच्या घरची वस्तू फार छान म्हणू नका,
काढून देतात. मला एकाने हातातलं घड्याळ दिलं,
तीन रात्री मी झोपलो नाही.

आणि कॉफी. चिमणीच्या घोटाएवढी.
कप रिकामा झाला की भरतात, परत भरतात.
पुरे झालं की तोंडाने सांगायचं नाही,
कप हलवायचा, मनगटातून, असा.

“परत आलो तेव्हा चहा पिऊन
बायकोसमोर कप हलवत बसायचो.
तिला वाटलं हात थरथरतो.
द्वारकेच्या डॉक्टरकडे नेलं मला,
दीडशे रुपये फी.”
ते हसले, टाचण्या ओठांत धरून, म्हणून आवाज आला नाही.

मी त्यांना सांगितलं नाही की
तीस वर्षं मी पासपोर्टच्याच खात्यात होते.
छत्तीस पानं, अंगठा ओला करून मोजायची,
एक कमी नाही, एक जास्त नाही,
लोकांना जगात सोडायचं आणि साडेपाचची बस पकडायची.
स्वतःचा आला तेव्हाही
मी आधी पानं मोजली.

गुरुवारी ट्रायल.
पडद्यामागे कुर्ता चढवला, बाही बरोबर, घेर बरोबर,
आणि डाव्या कुशीत आतून एक खिसा,
चेन लावलेला, मी न सांगितलेला, मापात न धरलेला.
हात घातला. पासपोर्ट बसेल एवढाच होता.

बाहेर आले तर चहा आलेला.
मी प्यायले, आणि काय वाटलं कोण जाणे,
कप हलवला, मनगटातून, दोनदा.

इद्रिसभाईंनी किटली उचलली
आणि काठोकाठ भरला.
“अजून कथड्यातच आहात तुम्ही.”