अर्थिंग

मे महिना, दुपारचे दोन.
सक्करदऱ्याच्या दुकानात कूलरचं पाणी संपलेलं
आणि बोकडेची पांढरी गाडी शटरसमोर घरघरत उभी.
"गाणं लावलं का शिट्टी वाजते बे,
रेस दिली का शिट्टीबी चढते.
तीन जागी दाखवलं. आता तूच पाय."

डिक्की उघडली. पत्रा तव्यासारखा.
गालिच्याखाली अ‍ॅम्प, त्याचा लाल दिवा वटारलेला:
आता माझ्याकडून काही मागू नका.
मी त्याला दोष दिला नाही.
सेहेचाळीस डिग्रीत मीही असाच बसतो, दार लावून.
टेबलफॅन त्याच्याकडे वळवला.

फ्यूज धड होता.
मागच्या सीटखालून वायर चाचपत गेलो,
मुबीन उस्तादांनी शिकवलं तसं, डोळे मिटून,
बोटाला गरम लागेल तिथं थांबायचं.
काळी वायर नटाला कसलेली, घट्ट, नीटस,
पण रंगावर.
कंपनीच्या गुळगुळीत पांढऱ्या रंगावर.
खाली लोखंड होतं, तिला त्याचा पत्ताच नव्हता.

पॉलिश पेपर घेतला. घासलं.
आधी पांढरा गेला, मग करडा प्रायमर,
मग रुपयाएवढं उघडं पोलाद.
बोकडे कळवळला, "रंग जाते ना भाऊ!"
म्हटलं, रंग राखशील तर अर्थ लागणार नाही.
तो हसला नाही.
मीही विनोद केला नव्हता.

शिट्टी थांबली.
तरी धमक नाही. बारा इंची दोन सबवूफर,
आणि आवाज पापडाचा.
तारा सोडवल्या, रिमोटमधला सेल काढून
टोकं टेकवली.
डावा कोन बाहेर आला.
उजवा आत गेला.
"डावा कोणी लावला?"
"म्या."
"उजवा?"
"हेमराजनं." धाकटा भाऊ.
मग जरा वेळानं, "वाटणीच्या आंधी."

सात वर्षं दोघंही जीव तोडून वाजत होते.
एक ढकलायचा तेव्हा दुसरा ओढायचा,
आणि मधली हवा
जागची हलत नव्हती.

उजव्याच्या तारा उलटवल्या. दोन स्क्रू, एक मिनिट.
बेस आला तसं शटर थरथरलं,
समोर चहावाल्याच्या बशा वाजल्या, त्यानं शिवी हासडली.
बोकडे आत बसून राहिला, काच वर करून.

पैसे देताना म्हणाला,
"डाव्याच्या उलटवल्या असत्या, तरी जमलं असतं काय?"
"जमलं असतं."
त्यानं मान हलवली
आणि गाडी रिंग रोडला लागेपर्यंत
गाणं लावलं नाही.