दहावा कण

खल्फानच्या पिकअपमधली पायपुसणी रबराची होती,
खाचाखाचांची, उंटाच्या टाळूसारखी.
ती मी मागितली. त्याने काढून दिली,
वर सहा गोण्या वाळू, कल्ब्याकडच्या एका वादीतली,
गेल्या पुरात खाली आलेली.
"तू सोनंवाला," तो म्हणाला, "बघ तरी."

मी सोनंवाला नाही. मी गलाईवाला.
आमच्या खानापूर तालुक्यातलं पोर
मिसरूड फुटायच्या आत मुशीपाशी बसतं
आणि कुठल्यातरी परक्या पेठेत
दुसऱ्याचं सोनं शुद्ध करत म्हातारं होतं.
पण आटवणं वेगळं, धुणं वेगळं.
धुणारे ते झारेकरी. आमच्याहून गरीब,
आणि धीराला आमच्याहून मोठे.

शुक्रवारी, शारजात, कॅम्पच्या गच्चीवर
ड्रेनेजचा पाइप उभा चिरून पन्हळ केली.
तिच्यात पायपुसणी, शेवटाला जुना टॉवेल,
कूलरचा पंप, खाली टेकणाला मोसंब्यांचं खोकं.
उतार फुटाला इंच. कुंजुमोन म्हणाला, दोन.
दोनावर पाणी असं धावलं
की वाळूबरोबर टॉवेलही गेला.

आणि पाणी? इथं पाणी विकत.
सतरा एसींच्या नळ्यांखाली आठवडाभर बादल्या ठेवल्या.
सतरा खोल्यांतल्या झोपेची वाफ,
गार होऊन ठिपकत राहिली.
तेच पाणी पन्हळीतून ड्रममध्ये, ड्रममधून परत वर.

बारीक सोनं बुडत नाही.
सांगितलं तर लोक हसतात.
एवढा जड जिन्नस, पण पीठ झाला
की पाण्याच्या सायीवर बसून निघून जातो.
भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकायचा,
मग पाणी त्याचा हात सोडतं.

यंत्रावर विश्वास ठेवण्याआधी त्याची झडती घ्यावी.
मी माझ्या अंगठीची आतली कड कानशीनं घासली,
पांढऱ्या कागदावर कण मोजले. दहा.
ओंजळभर वाळूत मिसळून वरून सोडले.
सहा आले.
उतार अर्धा बोट उतरवला, तीच वाळू पुन्हा घातली.
आठ.
स्पीकरचं चुंबक फिरवून काळी वाळू उचलली,
टॉवेल ताटलीत पिळला.
नऊ.

बॅटरी धरून धरून आप्पासोचा हात भरून आला.
"शाळेत तुला पस्तीस पडत नव्हते," तो म्हणाला,
"आणि आता शंभरात नव्वद पुरेनात?"
मी ड्रमचा तळ खरवडला. खोकंसुद्धा झटकलं.
खाली कुणाचं तरी चिकन जळत होतं,
मशिदीचे दिवे कधीच मंद झाले होते.

खल्फानच्या सहा गोण्यांत काही नव्हतं.
एकदा पिवळं चमकलं, मी सुईनं दाबलं.
भुगा झाला.
सोनं दबतं, पसरतं, भुगा होत नाही.
त्याला फोनवर सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला,
मग म्हणाला, "पुढच्या पुरानंतर दुसरी वादी."
पायपुसणी ठेव म्हणाला.

शनिवारी संध्याकाळी कारखान्याच्या दारात
नेहमीप्रमाणे हात पुढे केले.
आमच्या हात धुतल्याचं पाणीसुद्धा मालकाचं असतं.
मुख्तियार ब्रशनं नखं घासतो,
घमेल्यात पाणी पडतं, ते आतल्या टाकीत जातं.
उजव्या अंगठ्याच्या नखातून
एक पिवळा ठिपका सुटला,
साबणाच्या फेसावर क्षणभर बसला.

ती कड मी ओळखतो. कानशीचे दात माझे.
मुख्तियारनं वर पाहिलं.
मी काय सांगणार होतो?
अंगठी, गच्ची, एसीचं पाणी, नऊ?
मी म्हणालो, "बरं घास. डाव्या हाताचंही घास."

डिसेंबरात टाकी उपसतील,
गाळ वाळवून, जाळून मुशीत घालतील,
आणि भट्टीपाशी मीच असेन.
तेव्हा तो असेल त्या लाल रसात कुठेतरी,
शुद्ध.
मी चिमटा घट्ट धरीन
आणि साच्यात ओतताना
एकही थेंब सांडू देणार नाही.