डांबरगोळ्यांचा कोट

ऑक्टोबर लागला की विल्यांदी गावात
लोक खिडक्यांच्या फटींत कापूस दाबतात
आणि घर एप्रिलपर्यंत
आपलाच श्वास पुन्हा पुन्हा घेत बसतं.

मारिकाने यंदा कापूस आणला नाही.
लेलो येणार आहे, चार महिन्यांच्या पोराला घेऊन,
आणि चार महिन्यांचं पोर
जमिनीपासून वीतभर उंचीवरची हवा घेतं,
जिथे आपण कधी नाक नेत नाही.
म्हणून परवा मारिका पालथी झोपली
बैठकीच्या गालिच्यावर, गाल टेकवून,
आणि तिने वास घेतला.

सागरी झुळूक. पाइनचं रान. व्हॅनिला.
तिन्ही डब्यांतले, तिन्ही खोटे.
त्याखाली व्हार्निश, उर्मासच्या होडीचं,
आणि त्याच्याही खाली
काहीतरी गोडसर, जुनं,
ओळखीचं असून नाव न सांगणारं.

मग निघालं सगळं लटांबर.
फवारे गेले, सुगंधी मेणबत्त्या गेल्या,
बेसिनखालची ती निळी बाटली
जिच्यावरची कवटी चोळून चोळून हसरी झाली होती.
आलं काय? व्हिनेगर. सोडा. एक टणक ब्रश.
आणि खूप सारा हाताचा जोर,
जो दुकानात मिळत नाही.
खिडकीच्या चौकटीचा पोपडा तिने खरवडला नाही;
जुन्या रंगात शिसं असतं.
ओल्या फडक्याने पुसला,
तापल्या कपाळावर घडी ठेवावी तसा.

उर्मास म्हणाला, शेडमध्ये जुन्या कपाटाच्या फळ्या आहेत,
रंगवलेल्या का असेनात, घाल चुलीत.
ती म्हणाली, तेच तर.
चाळीस वर्षं जे नको ते चुलीत घातलं
आणि धुराड्यातून गेलं म्हणून निश्चिंत झालो.
ते कुठे गेलं? समोरच्या वाइकेच्या पडद्यांवर.
वाइकेचं आपल्या पडद्यांवर.
आता फक्त भूर्ज, दोन उन्हाळे वाळलेला,
ठोकला की घणघणणारा.

सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं
ती सगळ्या खिडक्या सताड उघडते.
उर्मास टोपी घालून स्वयंपाकघरात बसतो
आणि पैशांसारखी ऊब मोजतो, जाताना.
पण खिडक्या लागल्या की
भिंतीतल्या चुलीच्या फरशा पुन्हा बोलू लागतात,
माळ्यावरच्या सफरचंदांचा वास जिना उतरतो,
आणि तोही, न सांगता, टोपी काढतो.

ते गोडसर, जुनं मात्र गेलं नाही.
शेवटी सापडलं: मागल्या खोलीतलं कपाट,
त्यात वडिलांचा कोट,
आणि दोन्ही खिशांत मूठ मूठ डांबरगोळ्या.
एल्मार, सव्वीस वर्षं पोस्टमन.
अकरा हिवाळे झाले.
कसर लागू नये म्हणून तिनेच ठेवल्या होत्या,
आणि मग त्याच वासाला
ती बाबा म्हणत आली होती.

कोट दोरीवर गेला.
तीन आठवडे धुकं, वारा, एकदा गारा.
रोज संध्याकाळी ती कॉलरला नाक लावी
आणि मनात म्हणे, अजून आहे.
कशासाठी म्हणे, तिलाच ठाऊक नव्हतं,
जावा म्हणून, की राहावा म्हणून.

विसाव्या दिवशी गेला.
तिला वाटलं होतं खालून तंबाखू निघेल,
ओलं कातडं, पत्रांची शाई, काहीतरी.
नुसती लोकर निघाली.
एका मेंढीचा वास, कुणाच्याही.
दोरीखाली ती जरा उभी राहिली,
मग चिमटे खिशात टाकले.

लेलो आली शनिवारी.
चुलीपाशी तो कोट अंथरला, अस्तर वर,
पोर पालथं पडलं त्यावर,
वीतभर उंचीची हवा घेत,
आणि सगळा कोट सोडून
एक बटण तेवढं त्याने तोंडात धरलं.

मारिका चटकन वाकली:
हे बटण कशाचं आहे गं?